इमारतीला वेळ कळायला हवी : स्मार्ट इमारत स्वच्छ विजेशी कशी जोडायची

भर दुपारी सौर पॅनेल पूर्ण जोमात असतात तेव्हा ग्रिडवर, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यावर, वीज उतू जाते. सूर्य कलला की तीन-चार तासांत ती ओसरते, आणि नेमके तेव्हाच लोक घरी येतात, दिवे लागतात, एसी सुरू होतात, गाड्या चार्जिंगला लागतात. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालकाने २०१३ साली या चढउताराचा आलेख प्रसिद्ध केला. सौर वीज वजा करून उरलेल्या मागणीची ती रेघ दुपारी पोटासारखी खाली येते आणि संध्याकाळी मानेसारखी उभी चढते. बदकासारखी दिसते म्हणून तिचे नाव ‘डक कर्व्ह’ पडले. ही मान चढताना कोळशाची किंवा वायूची केंद्रे घाईघाईने वाढवावी लागतात, आणि दुपारची स्वच्छ वीज मात्र कित्येकदा गिऱ्हाईक नाही म्हणून सोडून द्यावी लागते.

जगातील एकूण अंतिम ऊर्जावापरापैकी सुमारे ३० टक्के ऊर्जा इमारती चालवण्यात खर्च होते. नुसत्या विजेचा हिशेब मांडला तर हा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. म्हणजे विजेची मागणी केव्हा उठणार आणि केव्हा बसणार, हे बऱ्याच अंशी इमारती ठरवतात. वीज कमी वापरणे ही इमारतीची निम्मी जबाबदारी झाली. ती केव्हा वापरायची हे कळणे ही उरलेली निम्मी. या दुसऱ्या निम्म्याकडे फार कमी लोक बघतात, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

देखभाल विभागात नुकतेच रुजू झालेले अभियंते, कार्यालयाची इमारत सांभाळणारे व्यवस्थापक, निवासी संकुलाच्या समितीत पहिल्यांदाच बसलेले सदस्य, असे वाचक डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या मांडल्या आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण चौथ्या-पाचव्या पायरीपासून सुरुवात करतात, यंत्रे विकत घेतात आणि वर्षभराने वीजबिल होते तिथेच राहिलेले बघतात.

आधी ‘स्मार्ट’ या शब्दाचा अर्थ ठरवून घ्या

स्वागतकक्षात मोठा पडदा लावला आणि मोबाइलवरून दिवे बंद करता आले, म्हणजे इमारत स्मार्ट झाली असे नाही. इमारतीला आपली अवस्था कळली पाहिजे : कुठे माणसे आहेत, कुठे किती तापले आहे, कोणते यंत्र किती वीज ओढते आहे. त्यावरून तिला निर्णय घेता आला पाहिजे आणि तो माणसाने बटण न दाबता अंमलात आला पाहिजे. चौथी अट बहुतेक विक्रेते सांगायला विसरतात : इमारतीला बाहेरचे ऐकू आले पाहिजे. आत्ता ग्रिडवर वीज मुबलक आहे की तुटवडा आहे, हे तिला कळत नसेल तर ती हुशार असली तरी आपल्याच घरापुरती.

युरोपीय संघाने २०१८ साली इमारतींच्या ऊर्जेविषयीच्या निर्देशात सुधारणा केली, तेव्हा इमारतीची ‘स्मार्ट सज्जता’ मोजण्याची पद्धत त्यात आणली. तिच्या तीन कसोट्या आहेत : ऊर्जा जपून वापरणे, राहणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे वागणे आणि ग्रिडच्या गरजेप्रमाणे लवचीक असणे. तिसरी कसोटी पहिल्या दोघींच्या बरोबरीने मांडली गेली, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पायरी १ : मीटर वाचायला शिका

महिन्याचे बिल बाजूला ठेवा. त्यात एकच आकडा असतो आणि एका आकड्यातून इमारतीचा स्वभाव कळत नाही. तुम्हाला दर १५ मिनिटांची किंवा निदान दर तासाची नोंद हवी. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीकडून ती मागता येते. नसेल तर मुख्य केबलभोवती चिमट्यासारखा बसणारा करंट मोजणारा नोंदयंत्राचा संच लावता येतो. मात्र हे काम परवानाधारक विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

इथे दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. किलोवॅट म्हणजे नळाची धार, आणि किलोवॅट-तास, ज्याला आपण युनिट म्हणतो, म्हणजे बादलीत जमलेले पाणी. ग्रिडला त्रास होतो तो सगळ्यांनी एकाच वेळी नळ पूर्ण सोडल्याने. त्यामुळे तुमच्या बादल्या महिन्याला किती भरल्या यापेक्षा धार केव्हा सर्वांत मोठी होती, हे आधी शोधा.

दोन आठवड्यांच्या नोंदी घ्या आणि प्रत्येक दिवसाची चोवीस तासांची रेघ एकाच कागदावर एकावर एक काढा. मग तीन ठिकाणी बोट ठेवा. पहाटे तीन वाजता भार किती आहे? सुट्टीच्या दिवशी रेघ खाली बसते का? सकाळी यंत्रे सुरू होताना रेघ कशी चढते, सावकाश की एकदम सुळक्यासारखी?

एका कार्यालयीन इमारतीची अशी रेघ मी पहिल्यांदा काढली तेव्हा सुट्टीचा दिवस आणि कामाचा दिवस यांत फारसा फरकच दिसेना. दिवसभर डोके खाजवल्यावर रात्री इमारतीत फिरायला गेलो. पाचव्या मजल्यावरचा हवा खेळवणारा मोठा पंखा रिकाम्या दालनात पूर्ण वेगाने चालला होता. नियंत्रण पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘हँड’वर, म्हणजे हाताने चालवण्यावर होता. कधीतरी दुरुस्तीसाठी कोणी तो फिरवला आणि परत फिरवायचे राहून गेले. इमारतीत संगणकीय नियंत्रण होते, वेळापत्रकही व्यवस्थित भरलेले होते, आणि पडद्यावर तो पंखा ‘बंद’ दिसत होता. तेव्हापासून कुठल्याही इमारतीत माझे पहिले काम ठरलेले आहे : रात्री दहानंतर सगळ्या नियंत्रण पॅनेलसमोरून एक फेरी मारणे आणि किती स्विच ‘हँड’वर आहेत ते मोजणे. या फेरीला कसलाही खर्च नाही, आणि त्यातून जे सापडते ते पुष्कळ महागड्या सॉफ्टवेअरला सापडत नाही.

पायरी २ : कोणता भार सरकू शकतो, ते ठरवा

उपकरणांची यादी सगळेच करतात, पण ती आकारमानाप्रमाणे करतात. तुम्ही ती सवडीप्रमाणे करा. प्रत्येक यंत्राला एकच प्रश्न विचारा : हे काम आत्ताच व्हायला हवे, की थोडे मागेपुढे चालेल?

लिफ्ट, कामाच्या जागेवरचे दिवे, संगणक, अग्निशमनाचे पंप, रुग्णालयातील यंत्रे यांना हात लावू नका. एसी आणि हवा खेळवणारे पंखे अर्धा-एक तास सवलत देऊ शकतात. पाणी तापवणे, टाकीत पाणी चढवणे, गाड्या चार्ज करणे, बर्फाच्या किंवा थंड पाण्याच्या रूपात गारवा साठवणे ही कामे तासन्‌तास सरकू शकतात.

आता थोडे गणित. ते टाळू नका, कारण कशात दम आहे आणि कशात नाही हे त्याशिवाय कळत नाही. १,००० लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे १.१६ युनिट उष्णता लागते. म्हणजे २,००० लिटरची टाकी ३० वरून ६० अंशांवर न्यायची तर सुमारे ७० युनिट. टाकीला चांगले आवरण असेल तर हे काम दुपारच्या सौर विजेवर उरकून ते पाणी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येते. साध्या हीटरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्याला देणारे यंत्र असेल, आणि ते एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता आणून देत असेल, तर विजेचा खर्च सुमारे २३ युनिटांवर येतो.

उलट, १०,००० लिटर पाणी ३० मीटर उंचीवर चढवायला तत्त्वतः जेमतेम ०.८ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी दीड-पावणेदोन युनिट. टाकीत पाणी दुपारी चढवा हा सल्ला फार ठिकाणी दिला जातो. तो चुकीचा नाही, फुकटात होत असेल तर जरूर करा. पण पाणी तापवण्याच्या तुलनेत तो किरकोळ आहे, हे आकड्यांतून दिसते.

विजेवर चालणारी गाडी हा सर्वांत सोयीचा भार. कार्यालयात नऊ तास उभ्या असलेल्या गाडीला १४ युनिट हवे असतील, तर ७ किलोवॅटच्या चार्जरला त्यासाठी दोनच तास पुरतात. उरलेले सात तास ही तुमच्या हातातली सवड आहे. गाडी आल्या आल्या चार्जिंग सुरू करण्याऐवजी सर्वांत स्वच्छ दोन तास निवडायचे, इतकेच. गाडीवाल्याला फरक जाणवतही नाही. त्याने फक्त निघायची वेळ सांगून ठेवायची.

आणि एक भांडार कोणाच्या यादीत नसते : खुद्द इमारत. १,००० चौरस मीटरचा, १५ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब घेतला तर त्याचे वजन सुमारे ३६० टन भरते. तो १ अंशाने थंड करायला साधारण ९० युनिट उष्णता बाहेर काढावी लागते. चांगल्या चिलरला, म्हणजे मोठ्या इमारती थंड करणाऱ्या मुख्य यंत्राला, त्यासाठी २० ते २५ युनिट वीज पुरते. काही तासांच्या खेळात हा सगळा स्लॅब भाग घेत नाही, त्याचा वरचा थरच घेतो. खाली फॉल्स सीलिंग आणि वर गालिचा असेल तर त्याहून कमी. तरी प्रत्येक इमारतीच्या पोटात अशी एक न विकत घेतलेली बॅटरी असते, हे लक्षात ठेवा. पाचव्या पायरीत तिचा उपयोग करायचा आहे.

पायरी ३ : यंत्रांआधी भिंती आणि खिडक्या

दुपारी साठवलेला गारवा तासाभरात फटींतून निघून गेला तर वेळ सरकवण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. जिची कात बरी आहे ती इमारत यंत्रे बंद ठेवूनही दोन-तीन तास तग धरते. गळकी इमारत वीस मिनिटांत घामाघूम होते. म्हणून फटी बुजवणे, छताला उष्णतारोधक थर देणे आणि ऊन काचेवर पडण्याआधी बाहेरूनच अडवणे ही कामे आधी करा. काचेतून आत आलेले ऊन आतल्या पडद्याने अडत नाही. ते तोवर उष्णता होऊन खोलीत उतरलेले असते.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे नूतनीकरण या बाबतीत अभ्यासण्यासारखे आहे. १९३१ ची ही इमारत. तिच्या ६,५१४ खिडक्यांच्या काचा तिथेच, इमारतीतच उभारलेल्या कार्यशाळेत नव्याने बांधून परत बसवल्या, खोल्या गरम करणाऱ्या रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पत्रे लावले, आणि मग नियंत्रणे सुधारली. एकूण ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आणण्याचे लक्ष्य होते. भार आधीच कमी केल्यामुळे चिलर बदलून मोठे बसवण्याची गरज उरली नाही, जुन्यांनाच नव्याने सज्ज करता आले. क्रम पाळण्याचा फायदा इथे स्वच्छ दिसतो.

पायरी ४ : थोडे सेन्सर, नीट जागी, आणि शहाणी नियंत्रणे

सेन्सरची संख्या वाढवण्याचा मोह आवरा. प्रत्येक सेन्सर हे सांभाळायचे एक काम असते, आणि ही सगळी उपकरणे स्वतःही चोवीस तास थोडी थोडी वीज खातात. सुरुवातीला तापमान, आर्द्रता, गर्दीच्या दालनांत कार्बन डायऑक्साइड, माणसांची चाहूल आणि मोठ्या यंत्रांना स्वतंत्र उपमीटर एवढे पुरते. तापमानाचा सेन्सर उन्हाच्या तिरिपेत, प्रिंटरच्या मागे किंवा एसीच्या झोताखाली असेल तर सगळी इमारत त्या एका चुकीच्या आकड्यामागे धावते. हातातल्या विश्वासू तापमापकाने वर्षातून एकदा प्रत्येक सेन्सर पडताळा.

कार्बन डायऑक्साइडचा उपयोग नवख्यांना चटकन लक्षात येत नाही. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२५ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग असते, आणि माणसे श्वास सोडतात तसे ते आत वाढत जाते. ते १,००० च्या आसपास गेले की बाहेरची हवा वाढवायची, आणि सभागृह रिकामे असताना कमी करायची. बाहेरची प्रत्येक घनमीटर हवा थंड किंवा गरम करावी लागते, त्यामुळे रिकाम्या खोलीला ताजी हवा पुरवत राहणे हा मोठा अपव्यय असतो.

नियंत्रणांत सर्वांत जास्त परतावा देणारी गोष्ट म्हणजे पंखे आणि पंप यांना वेग बदलणारे ड्राइव्ह. पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज जवळपास निम्मी लागते. वेग निम्मा केला तर तत्त्वतः एक अष्टमांश. प्रत्यक्षात हवेच्या वाहिनीत ठरावीक दाब टिकवायचा असेल तर बचत यापेक्षा कमी होते, म्हणून तो दाबही मागणीप्रमाणे खाली येईल अशी नियंत्रणाची मांडणी मागा.

दुसरी गोष्ट फुकट आहे. गरम करण्याची मर्यादा आणि थंड करण्याची मर्यादा यांत अंतर ठेवा, समजा २० आणि २५ अंश. दोन्ही मर्यादा २२-२३ वर चिकटवल्या की एका कोपऱ्यात हीटर आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिलर चालू राहतो, आणि दोघे वर्षानुवर्षे एकमेकांशी झुंजतात. बाहेरून काही कळत नाही, कारण खोलीचे तापमान अगदी बरोबर असते.

तिसरी म्हणजे सुरू होण्याची वेळ. रोज पहाटे पाचला सगळे चालू, असे ठरवून टाकू नका. रात्री खोली किती तापली आणि बाहेर किती गरम आहे ते बघून नियंत्रकाने स्वतः वेळ काढावी. नियंत्रणाच्या अशा शहाण्या पायऱ्यांची तयार क्रमावली अमेरिकेतील ‘अ‍ॅश्रे’ या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने ‘गाइडलाइन ३६’ म्हणून २०१८ साली प्रसिद्ध केली. कंत्राट देताना तिचा उल्लेख करता येतो, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमर आपल्या मनाची रचना करत बसत नाही.

कंत्राटाबद्दल आणखी एक सांगतो, कारण इथे चूक झाली तर पुढची दहा वर्षे ती निस्तरावी लागते. यंत्रे एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती खुली असली पाहिजे. इमारतींसाठी ‘बॅकनेट’ ही भाषा १९९५ पासून प्रमाणित आहे. १९७९ मध्ये आलेली ‘मॉडबस’ अजूनही मीटर आणि इन्व्हर्टरमध्ये सर्रास भेटते. ‘आमची यंत्रणा बॅकनेटला जोडता येते’ एवढ्या आश्वासनावर थांबू नका. कोणकोणते बिंदू, म्हणजे यंत्रणेतले आकडे, मर्यादा आणि आज्ञा, वाचता येतील आणि कोणते बदलता येतील, याची यादी करारात लिहून घ्या. नोंदींची मालकी, नियंत्रकाच्या प्रोग्रॅमची प्रत आणि सर्वोच्च पातळीचा पासवर्ड इमारतीच्या मालकाकडेच राहील, हेही लिहून घ्या. बिंदूंना नावे देतानाही शिस्त पाळा : इमारत, मजला, यंत्र, मोजमाप, याच क्रमाने. ‘टेंप_नवीन_२’ असे नाव देऊन गेलेला माणूस परत भेटत नाही.

पायरी ५ : ग्रिडचे ऐका

आता इमारतीचा कान उघडायचा. ग्रिडकडून येणारे इशारे साधारण तीन तऱ्हेचे असतात. पहिला, वेळेनुसार बदलणारा वीजदर. दुसरा, ‘उद्या पाच ते सात भार कमी करा’ अशी थेट विनंती, जिचा मोबदला मिळतो. तिसरा, आत्ता एका युनिटमागे किती कार्बन बाहेर पडतो आहे, याचा अंदाज. ब्रिटनच्या ग्रिड चालकाने असा पुढच्या काळाचा अंदाज सर्वांसाठी खुला ठेवला आहे, आणि कोणतेही यंत्र तो आपोआप वाचू शकते. थेट विनंत्यांसाठी ‘ओपन एडीआर’ नावाचा खुला संकेत आहे. कॅलिफोर्नियात २०००-०१ मध्ये विजेचे मोठे संकट आले, त्यानंतर २००२ मध्ये लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यावर काम सुरू झाले. तोवर अशा विनंत्या फोन करून सांगाव्या लागत आणि कोणीतरी धावत जाऊन स्विच बंद करत असे.

यांपैकी काहीच तुमच्याकडे नसेल तरी थांबू नका. दुपार स्वच्छ आणि संध्याकाळ जड, एवढ्या ढोबळ नियमावरही सौर वीज भरपूर असलेल्या ग्रिडवर बरेच काही साधते. जिथे वारा जास्त तिथे हा नियम बदलतो, तिथे मध्यरात्रीही वीज मुबलक असू शकते. आपल्या ग्रिडचा स्वभाव आधी बघून घ्या.

उन्हाळ्यातला एक दिवस घेऊन प्रत्यक्ष कसे करायचे ते सांगतो. एरवी २४ अंशांवर चालणारी इमारत दुपारी एक ते चार या वेळात हळूहळू २२.५ पर्यंत थंड करा. चिलर तेव्हा सौर विजेवर चालतो, आणि गारवा स्लॅबमध्ये, भिंतींत, फर्निचरमध्ये मुरतो. चार वाजता मर्यादा २६ वर सरकवा. चिलर जवळजवळ शांत होतो, पंखे मंद चालत राहतात आणि इमारत साठवलेल्या गारव्यावर तरते. तापमान चढते, पण सावकाश. माणसांना तापमानापेक्षा त्यातला झपाट्याचा बदल जास्त खुपतो. तासाभरात दोन अंशांहून जास्त चढ होऊ देऊ नका. पहिल्याच दिवशी हा सगळा पल्ला गाठू नका. अर्ध्या अंशाने सुरू करा, आठवडाभर तक्रारी मोजा, मग पुढचा अर्धा. दमट हवेत आर्द्रतेवरही नजर ठेवा. २६ अंशांवर कोरडी हवा सुसह्य असते, दमट नसते.

यात एक खड्डा आहे आणि नवखे सगळे त्यात पडतात. सात वाजता विनंतीची वेळ संपली की सगळी यंत्रे एकदम उठतात, आणि संध्याकाळी वाचवलेल्यापेक्षा मोठा सुळका तयार होतो. म्हणून परत येणेही पायऱ्यापायऱ्यांनी ठेवा : मजल्यामागून मजला, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. वीज गेल्यावर परत आली की जसा सगळा भार एकदम अंगावर येतो, तसाच हा प्रकार.

एका इमारतीने २०-३० किलोवॅट कमी केल्याने ग्रिडला काही कळत नाही. शेकडो इमारतींची अशी मोट बांधणाऱ्या संस्था असतात. त्या सर्वांना मिळून एका वीज केंद्रासारखे वागवतात. तुमची इमारत भरवशाने प्रतिसाद देऊ लागली की तुम्ही त्यांत सामील होऊ शकता. त्याआधी नको.

पायरी ६ : सौर पॅनेल आणि बॅटरी

याबद्दल इतरत्र भरपूर वाचायला मिळते, म्हणून थोडक्यात. भार आधी सरकवलेला असेल तर छतावरची वीज जास्तीत जास्त इमारतीतच वापरली जाते आणि बॅटरी लहान पुरते. पश्चिमेकडे तोंड केलेली पॅनेल वर्षभरात थोडी कमी वीज देतात, पण संध्याकाळच्या जड वेळेच्या जवळ देतात. दराची रचना बघून त्यांचा विचार करा. बॅटरीत घातलेल्या विजेतला सुमारे दहावा भाग किंवा थोडा जास्त जाता-येता हरवतो. गरम पाण्याची टाकी आणि थंड स्लॅब तुमच्याकडे आधीच आहेत. ते पूर्ण वापरून झाल्यावर किती बॅटरी हवी, ते मोजा.

पायरी ७ : कुलूप, आणि माणसे

इमारतीची यंत्रणा इंटरनेटला जोडली की ती एक दार होते. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतून कोट्यवधी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते वातानुकूलनाचे काम करणाऱ्या कंत्राटदाराला दिलेले लॉगिन आणि पासवर्ड वापरून. म्हणून इमारतीची नियंत्रणे कार्यालयाच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळी ठेवा. कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, आणि कंत्राटदाराचा दूरस्थ प्रवेश काम संपताच बंद करा. इंटरनेट तुटले तरी प्रत्येक यंत्र आपल्या स्थानिक नियंत्रकावर चालत राहिले पाहिजे. हे कागदावर तपासू नका. एखाद्या शनिवारी केबल काढून बघा.

चाहूल घेणाऱ्या सेन्सरना ‘कोणीतरी आहे’ एवढेच कळायला हवे, कोण आहे ते नव्हे. हे राहणाऱ्यांना स्पष्ट सांगा आणि तसेच वागा.

प्लांट रूममधल्या, म्हणजे चिलर-पंपांच्या यंत्रखोलीतल्या माणसांना मात्र या कामात अगदी पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. कोणता पंप कुरकुरतो आणि कोणत्या मजल्यावर दुपारी तीननंतर तक्रारी येतात, हे त्यांना सेन्सरच्या आधी माहीत असते. नव्या नियंत्रणाचे कारण त्यांना पटले नाही तर ते रात्रपाळीला स्विच ‘हँड’वर टाकतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असेल, कारण तक्रारीचा फोन त्यांना येतो. इमारत आता का थंड होते आहे आणि नंतर का ढिली सोडली आहे, हे त्यांना तुमच्याइतकेच नीट सांगता आले पाहिजे. राहणाऱ्यांनाही आधी कळवा. हातात थोडी सूट द्या : एक-दोन अंश वरखाली करायचे बटण, टेबलावर छोटा पंखा. ज्याच्या हातात काहीतरी असते त्याची तक्रार कमी येते.

पायरी ८ : तासागणिक मोजा

मागच्या मे महिन्याशी या मे महिन्याची तुलना करून बचत ठरत नाही. यंदा ऊन कमी असेल किंवा एक मजला रिकामा असेल. बदल करण्याआधीच्या नोंदींवरून, तापमान आणि उपस्थिती धरून, इमारत एरवी किती वीज घेते याची आधाररेषा काढा आणि प्रत्यक्ष वापर तिच्याशी ताडा. यासाठी ‘आयपीएमव्हीपी’ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत सर्वमान्य आहे. सुरुवातीला बाहेरचे तापमान आडव्या अक्षावर आणि दिवसाचे युनिट उभ्या अक्षावर मांडून काढलेली साधी रेघही पुष्कळ सांगते.

कार्बनचा हिशेब मात्र तासागणिकच करा. समजा संध्याकाळी एका युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दुपारी २००. तुम्ही संध्याकाळचे १०० युनिट दुपारी हलवले आणि साठवणीतल्या गळतीमुळे त्याचे १०५ झाले. महिन्याच्या बिलावर पाच युनिट वाढलेले दिसतील. कार्बन मात्र ७० किलोवरून २१ किलोवर आलेला असेल. वरिष्ठांना बिल दाखवायच्या आधी हे गणित दाखवा, नाहीतर चांगले चाललेले काम पाच युनिटांसाठी बंद पडते. असे होताना मी पाहिले आहे.

केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत ठेवा : तारीख, यंत्र, जुनी मर्यादा, नवी मर्यादा, कारण, कोणी केला. ऋतू पालटला की मर्यादा पुन्हा तपासाव्या लागतात, आणि तेव्हा ही वहीच कामी येते. वर्षातून दोनदा पहिल्या पायरीवर परत या. दोन आठवड्यांच्या रेघा पुन्हा एकावर एक काढा, आणि रात्री दहानंतर पॅनेलसमोरून ती फेरी मारा.